गांजाच्या केसमधल्या पोरांसाठी 'ड्रग ट्रीटमेंट कोर्ट' : बेळगावात मागावं का?

मलप्रभाकाठ
खानापूर तालुक्यातली काही मंडळं मिळून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला निवेदन देणार आहेत. गांजा, गोळ्या यांच्या केसमध्ये सापडलेल्या १६ ते २१ वयाच्या पोरांसाठी अमेरिकेसारखं वेगळं ड्रग ट्रीटमेंट कोर्ट बेळगावात सुरू करावं, अशी मागणी आहे. मसुदा तपासायला माझ्याकडं आलाय. त्यात 'अशा कोर्टांमुळे गुन्हेगारी निम्म्यावर येते' असं ठोकून दिलंय, ते मला काही पटत नाही. खरा परिणाम किती? आणि आपल्या कायद्यात आत्ता काय आहे, की सगळंच नव्यानं मागायचं? शिवाय इथली निम्मी पोरं मराठी घरातली, कागद सगळे कन्नडात. त्याचं काय करायचं तेही कुणी सांगितलं तर बरं. जाणकारांनी मोकळेपणानं लिहा.

घटप्रभा
ते वाक्य आधी खोडा. प्राधिकरणात कुणी अभ्यासू माणूस बसला असेल तर त्या एका ओळीवरच निवेदन बाजूला ठेवेल.

असलं पहिलं कोर्ट १९८९ मध्ये अमेरिकेत मायामीत निघालं, तेही मोठ्या माणसांसाठी. पोरांसाठी वेगळी कोर्टं १९९० च्या दशकाच्या मध्यात आली. रचना साधारण अशी : आरोपी तयार असेल तर शिक्षा लांबणीवर टाकून सुमारे वर्षभराच्या कार्यक्रमात घेतात. दर पंधरा दिवसांनी त्याच न्यायाधीशासमोर हजेरी. हजेरीआधी न्यायाधीश, सरकारी वकील, बचावाचा वकील, उपचार करणारे आणि प्रोबेशन ऑफिसर (देखरेख अधिकारी) एकत्र बसून त्या पोराचा पंधरवडा बघतात. अधूनमधून न सांगता लघवीची तपासणी. नीट वागला तर सवलत, चुकला तर त्याच आठवड्यात छोटी शिक्षा. पार पडला तर केस निकाली.

आकडे बघा. २०१२ साली १५४ मूल्यमापनांचा एकत्र आढावा निघाला. त्यात ९२ मोठ्यांच्या कोर्टांची, ३४ पोरांच्या कोर्टांची आणि बाकीची दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांची होती. साध्या कोर्टातून गेलेल्या १०० पैकी ५० जण पुन्हा गुन्ह्यात सापडतात असं धरलं, तर ड्रग कोर्टातून गेलेल्या मोठ्यांमध्ये ३८ सापडतात. पोरांमध्ये ४३-४४. म्हणजे शंभरात सहा-सात पोरं वाचली. हे काही कमी नाही, पण 'निम्म्यावर' कुठून आलं? त्यातही पोरांवरचे बरेचसे अभ्यास कच्चे आहेत, तुलनेचा गट नीट जुळवलेला नाही. पुढं २०१५ मध्ये सिनसिनाटी विद्यापीठाच्या लोकांनी नऊ ठिकाणची पोरांची ड्रग कोर्टं तपासली, तर एकंदरीत ड्रग कोर्टातली पोरंच जास्त प्रमाणात पुन्हा पोलिसांच्या हाती लागलेली दिसली. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्यानं २००० मध्ये पोरांचं ड्रग कोर्ट काढलं आणि २०१२ मध्ये बंद केलं.

मोठ्यांत चालतं ते पोरांत का अडतं? मुख्य कारण निवडीत आहे. मोठ्यांच्या कोर्टात येणारा बहुतेक वेळा दहा-बारा वर्षांचा व्यसनी असतो, घरदार-नोकरी घालवून बसलेला. न्यायाधीशाच्या धाकाला तिथं वजन असतं. सतरा वर्षांचा पोरगा बव्हंशी गांजावर असतो, शरीर अजून अडकलेलं नसतं, आणि 'पुढं आयुष्याचं वाटोळं होईल' हे त्याच्या कानावरून जातं. अशा हलक्या जोखमीच्या पोराला आठवड्यातून दोनदा पोचलेल्या पोरांबरोबर एका बाकावर बसवलं, तर तो त्यांच्याकडून शिकतो. पुरवठा कुठून, लघवी तपासायची पट्टी कशी चुकवायची, सगळं. शिवाय हजेऱ्या जितक्या जास्त तितक्या चुकण्याच्या जागा जास्त. साध्या समजुतीवर सुटला असता तो 'अटी मोडल्या' म्हणून अडकतो.

उलट बाजूही सांगतो. दक्षिण कॅरोलिनात चार्ल्स्टनमध्ये १६१ पोरांवर एक नीट आखलेला अभ्यास झाला, निकाल २००६ मध्ये आला. चार गट होते : साधं कोर्ट, ड्रग कोर्ट, ड्रग कोर्ट आणि घरी जाऊन सगळ्या कुटुंबाबरोबर केलेली उपचारपद्धती, आणि त्यावर बक्षिसाची पद्धत. साध्या कोर्टापेक्षा ड्रग कोर्टात नशा कमी झाली, आणि कुटुंब-उपचार जोडल्यावर आणखी कमी. पण पुन्हा अटक होण्यात तसा फरक पडला नाही. म्हणून निवेदनात 'नशा कमी होणं' आणि 'गुन्हा कमी होणं' या दोन गोष्टी एका दावणीला बांधू नका.

वडगावचा_विणकर
एवढे लाड कशाला? दोन दिवस हिंडलग्याच्या जेलची हवा खाऊ दे की. आपोआप सुधारतोय.

घटप्रभा
अठराच्या आतल्याला हिंडलग्याला नेताच येत नाही, कायदाच नाही तसा. आणि वरच्याला नेलं तर तिथं कोण भेटतं ते बघा : ज्याच्याकडून पुडी यायची, त्याच्या वरचा माणूस.

कोर्ट_आवार
कायद्याची बाजू जरा सविस्तर लिहितो. खरी मेख इथंच आहे. आपल्याकडं एनडीपीएसची (अमली पदार्थांच्या कायद्याची) जी विशेष न्यायालयं आहेत ती खटला चालवण्यासाठी, उपचारासाठी नव्हेत. नावावर जाऊ नका. पण उपचाराची दारं कायद्यात आधीपासून आहेत, ती फारशी कुणी उघडत नाही एवढंच.

आधी वय. अठराच्या आतला असेल तर २०१५ चा बाल न्याय कायदा. जघन्य गुन्हा (किमान सात वर्षं शिक्षेचा) नसेल आणि बरोबर सज्ञान आरोपी नसेल, तर एफआयआर होत नाही. डायरीत नोंद आणि पोराच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल बाल न्याय मंडळाकडं जातो. गांजाचं व्यापारी प्रमाण (२० किलोच्या वर) असेल तर किमान १० वर्षांची शिक्षा आहे, म्हणून तो जघन्य. मधल्या प्रमाणाला १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण किमान शिक्षा नाही, त्यामुळं जघन्यात बसत नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं आणि २०२१ च्या दुरुस्तीत ते कायद्यातच आलं. प्रत्यक्षात घोटाळा कुठं होतो? पोरगा विकणाऱ्या मोठ्या माणसाबरोबर सापडतो, एफआयआर एकत्र होतो आणि त्यात वय '१९ अंदाजे' पडतं. पहिल्याच दिवशी शाळेचा दाखला किंवा एसएसएलसीचं (दहावीचं) मार्क्स कार्ड हजर करा. कलम ९४ प्रमाणं आधी शाळेचा कागद, तो नसेल तर पालिका-पंचायतीचा जन्मदाखला, आणि हे दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. वय धरायचं ते घटनेच्या दिवशीचं. अटकेच्या दिवशीचं नव्हे.

मंडळासमोर २४ तासांत नेलं पाहिजे. प्रोबेशन ऑफिसरचा सामाजिक अहवाल दोन आठवड्यांत, चौकशी चार महिन्यांत. जामीन हा नियम. नाकारायचा तर कारणं ठरलेली आहेत : गुन्हेगारांची संगत, पोराच्या जिवाला किंवा मनाला धोका, किंवा न्यायाचा हेतूच फसणं. आणि मंडळाच्या हातात आज काय काय आहे ते वाचा : समज देऊन सोडणं, गट-समुपदेशन, समाजसेवा, तीन वर्षांपर्यंत देखरेख, आणि या सगळ्याच्या जोडीला 'व्यसनमुक्ती कार्यक्रम घ्यावा' असा आदेश. कलम १८(२) मध्ये ते सरळ लिहिलंय. चौकशी चालू असताना पोरगा व्यसनी आहे असं दिसलं तर कलम ९३ खाली उपचाराच्या ठिकाणी हलवता येतो. म्हणजे अठराच्या आतल्यासाठी ड्रग कोर्टाचा सांगाडा उभाच आहे.

अडचण अठरा ते एकवीसमध्ये आहे. एनडीपीएस कायदा १९८५ च्या केसमध्ये तीन वाटा आहेत आणि त्या एकमेकींत मिसळू नका.

कलम ६४ अ : सेवनाचा (कलम २७) किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून उपचाराला गेला आणि उपचार पूर्ण केला, तर खटलाच नाही. अर्धवट सोडला तर संरक्षण काढून घेता येतं. ही सगळ्यात चांगली वाट, कारण दोषसिद्धीच होत नाही. दोन ठिकाणी घसरते. एक, उपचार सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेतच पाहिजे. कुठल्या तरी खासगी 'सेंटर'चा शिक्का चालत नाही, तीन महिने आणि पैसे दोन्ही वाया. दुसरं, कायद्यात 'व्यसनी' म्हणजे ज्याला पदार्थाची लत लागली आहे तो. दोस्ताबरोबर पहिल्यांदा ओढताना सापडलेला त्यात बसत नाही, आणि त्याला बसवण्यासाठी खोटं प्रमाणपत्र आणू नये. ते उलटतं.

कलम ३९ : दोष सिद्ध झाल्यावर, शिक्षा सुनावण्याऐवजी, त्याच्या संमतीनं उपचाराला पाठवणं. बाँड लिहून घेतात. एक वर्षाच्या आत उपचाराचा अहवाल. समाधानकारक असेल तर समज देऊन सोडतात आणि जास्तीत जास्त तीन वर्षं नशेपासून लांब राहण्याचा बाँड. ड्रग कोर्टाच्या कल्पनेच्या हे सगळ्यात जवळ आहे. दर पंधरा दिवसांची हजेरी आणि टीम तेवढी नाही.

तिसरी वाट प्रोबेशन कायदा १९५८, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीवर सोडणं. एनडीपीएसच्या कलम ३३ नं तो बहुतेक गुन्ह्यांना बंद केलाय. अठराच्या आतला असेल किंवा गुन्हा कलम २६-२७ चा असेल तरच उघडा. म्हणजे एकोणीस वर्षांच्या पोरावर 'ओढला' म्हणून कलम २७ लागलं तर प्रोबेशन मागता येतं. खिशात २० ग्रॅम सापडला म्हणून कलम २० लागलं तर नाही. तिथं दोष सिद्ध झाल्यावर फक्त ३९, तेही व्यसनी असेल तर. पोलिसांनी कुठलं कलम घातलंय ते चार्जशीटमध्ये बोट ठेवून वाचा, दोन्ही घातलेली असतात.

अल्प प्रमाण पदार्थाप्रमाणं बदलतं : गांजा १ किलो, चरस १०० ग्रॅम, हेरॉइन ५ ग्रॅम, कोकेन २ ग्रॅम, एमडीएमए (एक्स्टसी) अर्धा ग्रॅम. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या हिरा सिंग निकालानंतर शुद्ध पदार्थाचं नव्हे, भेसळीसकट सगळ्या पुडीचं वजन धरतात. त्यामुळं दोन-चार गोळ्या किंवा चिमूटभर पावडर असली तरी 'अल्प'च्या वर जाऊ शकतं.

आणि एक गोष्ट मसुद्यात ठळक लिहा. कलम २७ मध्ये गांजाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. मग कुणीतरी सांगतो, 'कबूल कर, दंड भर, आजच मोकळा हो'. पोरगा कबूल करतो आणि दोषसिद्धी कागदावर बसते. पहाटे भरतीसाठी पळणाऱ्या पोरांच्या या तालुक्यात पोलीस पडताळणीत ती काय करते हे वेगळं सांगायला नको. अठराच्या आतल्याला बाल न्याय कायद्याच्या कलम २४ खाली अपात्रता लागत नाही, प्रोबेशनवर सुटलेल्यालाही १९५८ च्या कायद्यात तसं संरक्षण आहे. दंड भरलेल्याला नाही.

मलप्रभाकाठ
हे ६४ अ आणि ३९ मसुद्यात कुठंच नव्हतं. आता प्रश्न असा : बाल न्याय मंडळानं किंवा कोर्टानं उपचाराचा आदेश दिला, तर आपल्या भागात नेमकं काय होणार? 'लघवीची तपासणी सक्तीची करावी' असंही एक कलम आहे मसुद्यात.

ओपीडी_नऊ
सक्तीची तपासणी मागण्याआधी ती काय दाखवते आणि काय नाही ते समजून घ्या. सगळ्यात जास्त अन्याय त्या पट्टीवरून होतो.

गांजाची नेहमीची पट्टी ५० नॅनोग्रॅमला पॉझिटिव्ह येते. एखाद्या वेळी ओढणाऱ्याची तीनेक दिवसांत साफ होते. रोज ओढणाऱ्यानं पूर्ण सोडलं तरी तीन-चार आठवडे, कधी त्याहून जास्त, पॉझिटिव्ह येत राहते, कारण पदार्थ चरबीत साठतो आणि हळूहळू सुटतो. म्हणजे दुसऱ्या आठवड्यात पट्टी रंगली म्हणून शिक्षा दिली, तर खरं बोलणाऱ्याला शिक्षा. पहिला महिना फक्त नोंदीसाठी धरावा. शक्य असेल तिथं प्रयोगशाळेकडून क्रिएटिनिनच्या (लघवी दाट की पातळ ते दाखवणारा घटक) तुलनेत आकडा घ्यावा आणि तो उतरतोय का एवढंच बघावं.

नमुना द्यायला बाथरूममध्ये पाठवला की खेळ सुरू. बाटली हातात आल्यावर चार मिनिटांच्या आत तापमान ३२ ते ३८ अंश सेल्सिअस पाहिजे. थंड असेल तर दुसऱ्याची. क्रिएटिनिन डेसिलीटरला २० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर पाणी ढोसून आलाय, तो नमुना 'निगेटिव्ह' नाही, 'पुन्हा घ्या' आहे. ठरलेल्या वारी तपासणी ठेवू नका. एमडीएमए आणि काही गोळ्या दोन-तीन दिवसांत निघून जातात, पोरं कॅलेंडर बघून चालतात.

खोटे पॉझिटिव्ह : ३०० नॅनोग्रॅमच्या अफू-पट्टीवर खसखस दिसते. दिवाळीत अनारसे किंवा कन्नड घरातलं गसगसे पायस खाल्लं तरी रंगू शकते. सर्दीच्या स्यूडोएफेड्रिनमुळं ॲम्फेटामिनची पट्टी फसते. म्हणून पट्टी ही चाळणी, पुरावा नव्हे. पोरगा नाकारत असेल तर प्रयोगशाळेत मास स्पेक्ट्रोमेट्रीनं (पदार्थ नेमका ओळखणारी तपासणी) खात्री केल्याशिवाय आदेश नको. आणि खोटे निगेटिव्ह : ट्रॅमाडॉल (वेदनाशामक गोळी) मॉर्फिनच्या पट्टीवर येत नाही, पंक्चरचं सोल्युशन आणि व्हाइटनर कुठल्याच पट्टीवर येत नाही. गांजाची पट्टी कडक केली की काही पोरं सोल्युशनकडं वळतात, आणि सोल्युशन हुंगताना जागच्या जागी हृदय बंद पडू शकतं. तपासणी करताना ओठांभोवतीचं पुरळ, कपड्यांचा वास, हे बघणारं माणूस पट्टीपेक्षा उपयोगी.

उपचाराबद्दल. 'सगळ्यांना तीन महिने सेंटर' ही मागणी काढून टाका. गांजावरच्या पोराला बहुतेक वेळा भरती करायची गरज नसते. सोडल्यावर एक ते तीन दिवसांत चिडचिड, झोप उडणं, जेवण न जाणं सुरू होतं, पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त, दोन आठवड्यांत उतरतं. नेमक्या याच दिवसांत घरचे घाबरतात, 'वेड लागलं', 'बाहेरचं काहीतरी' म्हणून देवऋष्याकडं नेतात, आणि तिथून आल्यावर पोरगा पुन्हा ओढतो. हा दोन आठवड्यांचा नकाशा आईबापाला आधी मराठीत समजावून सांगणं हा अर्धा उपचार आहे. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्या आणि दारूचं उलट आहे. ती एकदम तोडली तर झटके येतात, डॉक्टरच्या हाताखाली डोस उतरवत न्यावं लागतं. कोर्टानं 'आजपासून बंद' असा आदेश देणं तिथं धोक्याचं. हेरॉइनवाल्याचं शरीर आठवडाभरात शांत होतं, पण सहनशक्ती उतरलेली असते. बाहेर आल्यावर जुनाच डोस घेतला तर जीव जातो. सुटकेच्या आधी पुढची तारीख आणि पुढचं औषध ठरलेलं पाहिजे.

अल्पवयीनाला भरती करायचंच असेल तर मानसिक आरोग्य कायदा २०१७ चं कलम ८७ बघा. पालकांचा अर्ज, दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी, मोठ्यांपासून वेगळी जागा, पालक बरोबर राहणार, आणि ७२ तासांत त्या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य मंडळाला कळवणं. बंद खोलीत कोंडणारी 'सेंटर' यातलं काही करत नाहीत. सरकारी वाटा म्हणजे बेळगावच्या सिव्हिलमधला बिम्सचा (सरकारी मेडिकल कॉलेजचा) मानसोपचार विभाग आणि धारवाडचं डिमहान्स ही मानसोपचार संस्था. गुंतागुंत असेल तर बेंगळुरूचं निमहान्स. खानापूरहून धारवाड म्हणजे बापाचा एक दिवसाचा पगार बुडाला, म्हणून दर पंधरवड्याची हजेरी आणि ओपीडी एकाच दिवशी, एकाच गावात बसवा. फोनवर मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेलीमानस १४४१६ आणि नशामुक्तीची १४४४६ आहे.

बक्षिसाबद्दल घटप्रभांनी एका शब्दात उरकलं. पद्धत स्वस्त आहे. डब्यात ५०० चिठ्ठ्या. निम्म्यांवर नुसतं 'शाब्बास', बाकीच्या बहुतेक छोट्या वस्तूंच्या, थोड्या मधल्या, एक मोठी. हजेरी वेळेवर किंवा नमुना साफ आला की चिठ्ठी काढायची, सलग साफ आला तर चिठ्ठ्या वाढतात, चुकला की पुन्हा एकावर. हजेरी आणि शाळेला जाणं यालाही चिठ्ठी द्या, नुसत्या लघवीला नको. एका शिक्षेमागं चार शाबासक्या, हे प्रमाण धरायचं.

कोर्ट_आवार
भाषेचं राहिलं. बाल न्याय कायद्याच्या कलम ८ मध्ये मंडळाची जबाबदारी लिहिलीय : पोराला कामकाजाची भाषा कळत नसेल तर पात्र दुभाषी द्यायचा. पहिल्या तारखेलाच लेखी मागा. तोंडी मागितलं की कुणीतरी शिपाई 'मी सांगतो' म्हणतो आणि दोन वाक्यांत उरकतो. सामाजिक अहवाल कन्नडात भरला जातो. सही करण्याआधी तो आईला मराठीतनं वाचून दाखवला अशी त्यावर ओळ घ्या. सगळ्यात जास्त फटका बाँडला बसतो. बापानं कन्नड बाँडवर अंगठा दिला, आत महिन्याच्या पहिल्या सोमवारी हजेरी लिहिलेली, त्याला ते माहीतच नाही. दोन तारखा चुकल्या की अट मोडली. अटींची मराठी प्रत जोडून घेणं यात कुणाची हरकत येत नाही.

सीमेचंही एक आहे. पोरगा निपाणीचा आणि सापडला कोल्हापूर जिल्ह्यात, तर चौकशी तिथल्या मंडळाकडं आणि घरचा अहवाल मात्र बेळगावच्या प्रोबेशन ऑफिसरकडून. पत्र जायला-यायलाच दोन आठवडे संपतात. कलम ९५ खाली घरच्या जिल्ह्यात हलवण्याचा अर्ज पहिल्याच हजेरीत द्या, दोन्ही मंडळांचं बोलणं व्हावं लागतं, त्याला वेळ लागतो.

मलप्रभाकाठ
म्हणजे 'नवं कोर्ट द्या' हे शीर्षकच बदलायला लागणार. असं लिहिलं तर चालेल का : बाल न्याय मंडळात आणि खानापूरच्या कोर्टात पंधरवड्यातून एक ठरलेला दिवस, त्या दिवशी मानसोपचार विभागाचा एक माणूस आणि मराठी बोलणारा समुपदेशक हजर, ६४ अ आणि ३९ ची माहिती चार्जशीटबरोबर मराठी आणि कन्नडातनं, तपासणीचे लेखी नियम, आणि पहिल्यांदा सापडलेल्या हलक्या पोराला या कार्यक्रमात घ्यायचंच नाही, समज देऊन घरी?

घटप्रभा
चालेल. शेवटचा मुद्दा वर घ्या. आणि 'मराठी बोलणारा समुपदेशक' याला 'मराठी आणि कन्नड दोन्ही' करा, नाहीतर ते निवेदन भाषेच्या फायलीत जाऊन पडेल आणि पोरं राहतील बाजूला.

ओपीडी_नऊ
चिठ्ठ्यांच्या डब्याचा खर्चही घाला त्यात. वस्तू म्हणून मोबाइल रिचार्ज नको, पेट्रोलही नको. बूट, एसटीचा पास, जिमची महिन्याची फी, असलं काहीतरी.

वडगावचा_विणकर
निवेदनावर आमच्या मंडळाचीही सही घ्या. हिंडलगा राहू दे.